एका शेताचे तीन रंग

माझ्या नोकरीत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "साहेब, माती पास झाली का?" प्रयोगशाळेच्या पायरीवर चपला काढून, मातीची पिशवी छातीशी धरून माणूस उभा राहायचा आणि हेच विचारायचा. माती पास-नापास होत नसते, तिच्यात काय आहे आणि काय कमी आहे एवढंच आम्ही सांगतो, हे सांगून माझी जीभ झिजली. समोरचा शांतपणे ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि म्हणायचा, "बराबर हाये साहेब. पण पास झाली ना?"

जाफराबादकडचे एक काका दरवर्षी माती घेऊन यायचे. त्यांचा अहवाल असा फक्कड यायचा की आम्ही प्रयोगशाळेतली माणसं एकमेकांना दाखवायचो. आणि दरवर्षी हेच काका तक्रार करायचे की कपाशी गुडघ्याच्या वर जात नाही. शेवटी मी त्यांच्या रानात गेलो, तेव्हा कळलं की काका माती आणायचे ती गोठ्यामागच्या उकिरड्याच्या कडेची. मी चिडलो. "काका, शेतातली आणा म्हणून सांगितलं होतं ना?"

"शेतातलीच हाये की. गोठा शेतातच हाये," काका म्हणाले. मग जरा ओशाळून म्हणाले, "तुम्ही शहरातली शिकलेली माणसं ती माती भिंगाखाली बघणार. मंग भिकारडी माती कशी आणावं? पाव्हणा आला तर फाटकं घोंगडं अंथरतो का आपण?"

 पुन्हा नीट नमुना घेऊन तपासला तर जमीन निम्म्यापेक्षा जास्त निकृष्ट निघाली. काकांना त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते मला कळलं याचं.

लोक मला मातीसाहेब म्हणायचे. जुन्या जालन्यात आमच्या गल्लीतले रिक्षावालेही अजून त्याच नावाने हाक मारतात. नोकरीचा पहिला भाग प्रयोगशाळेत बाटल्या हलवण्यात गेला. उत्तरार्धात मी एका संस्थेकडे गेलो. तिथलं काम म्हणजे शेताचे मातीप्रमाणे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाला वेगळं बियाणं, वेगळं खत, वेगळं पाणी सांगायचं. हे काम मला मनापासून आवडलं. ते का आवडलं आणि नंतर नकोसं का झालं, हे सांगायला बसलो आहे.

एसटीच्या खिडकीतून बघणाऱ्याला शेत एकसारखं दिसतं. आमच्या जालना जिल्ह्यात तर बहुतेक रान उताराचं. वरच्या बाजूला, माथ्यावर, वीतभर माती आणि खाली लगेच मुरूम. मधे जरा बरी जमीन. आणि खाली ओढ्याच्या काठाला काळीभोर, पुरुषभर खोल. नाव एक, सातबारा एक, मालक एक, पण जमिनी तीन. शेतकऱ्याला हे ठाऊक असतं. तरी तो पोत्यातलं डीएपी खत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच मुठीनं टाकत जातो, कारण हात एकदा चालायला लागला की थांबत नाही.

आमचं काम म्हणजे तो हात थांबवणं. आधी मालकाबरोबर रान फिरायचं. पाणी कुठं साचतं, पीक कुठं आधी सुकतं, हरळी कुठं जास्त, हे विचारायचं. मग गिरमिट घ्यायचं. सुताराकडे असतं तसंच, पण उंच आणि माती वर काढणारं. ते जमिनीत फिरवत जायचं, मुरूम लागेपर्यंत. त्यानंतर नागमोडी चालत जागोजागची माती घ्यायची, बांधाजवळची नाही, झाडाखालची नाही, आणि काकांच्या कृपेने मी यादीत घातलेली, गोठ्याजवळची तर मुळीच नाही. ती मिसळून सावलीत वाळवायची. उपग्रहावरून काढलेली पिकाची चित्रं मिळतात, ती पडताळायची. आणि हे सगळं जुळवून शेताचा नकाशा करायचा.

आमच्या संस्थेतल्या नव्या मुलांना दहा-बारा भाग पाडायची हौस असायची. मी तीनच ठेवायला लावायचो. मजूर लावून खत टाकणाऱ्या माणसाच्या डोक्यात तीनच राहतात. संगणक त्या तिन्हींना आपणहून रंग द्यायचा. खोल जमिनीला हिरवा, मध्यम जमिनीला पिवळा आणि माथ्यावरच्या हलक्या जमिनीला लाल. लाल बघितला की माणसं दचकायची. मी सांगायचो, लाल म्हणजे वाईट नाही, लाल म्हणजे वेगळी. पण ते मला स्वतःलाच फारसं पटायचं नाही.

या कामातली एक गोष्ट शेतकऱ्याला सांगणं सगळ्यात जड जायचं. लोकांना वाटतं, हलक्या जमिनीला खत जास्त द्यावं, म्हणजे ती सुधारेल. तसं होत नाही. वीतभर मातीत पाणी टिकत नाही, मुळं जात नाहीत, दिलेलं खत वाहून जातं. म्हणून हलक्या भागावरचा खर्च कमी करायचा, तिथं सीताफळासारखं काटक काहीतरी लावायचं आणि वाचलेलं खत खोल जमिनीला द्यायचं. जिची पचवायची ताकद, तिला जास्त. भोकरदनकडच्या एका म्हाताऱ्या बाबांना मी हे समजावत होतो, तर ते चिडून उठले. "कमजोर लेकराच्या ताटात कमी वाढायचं व्हय रे?" मी त्यांना ठणकावलं की जमीन म्हणजे लेकरू नाही. शास्त्र माझ्या बाजूनं होतं. आजही आहे.

अंकुश मला भेटला तो याच काळात. पिंपळगाव रेणुकाईच्या पुढं एका खेड्यात तिघा भावांचं एकत्र रान होतं. थोरला भगवानराव, मधला अंकुश आणि धाकटा संतोष. भगवानराव घरचा कारभारी, बोलायला गोड आणि ऐकायला बहिरा. संतोष ट्रॅक्टरवर. शेतीचं वेड होतं ते अंकुशला. आमच्या एका मेळाव्यात तो पहिल्या रांगेत बसला होता आणि भाषण संपल्यावर तडक माझ्याकडे येऊन म्हणाला, "साहेब, आमच्या रानाचे पण रंग काढून द्या."

त्याच्याइतका आनंदाने माझ्याबरोबर रान फिरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. गिरमिट तो मला धरूच द्यायचा नाही. माथ्यावर ते खट्कन थांबायचं तेव्हा तो हसायचा, आणि ओढ्याकाठी मुठीपर्यंत आत गेलं तेव्हा त्याने त्या मातीला हात लावून नमस्कारच केला. नकाशा घेऊन मी पुन्हा गेलो तेव्हा त्याची बायको सुमन हिने चहा केला आणि दाराआडून विचारलं, "लाल कुठं आलं?" अंकुश म्हणाला, "वर. आपल्या डोंगराकडं."

नकाशाबरोबर मी एक गोष्ट जोर देऊन सांगितली होती. त्या भागात वाटणी उभी करतात. म्हणजे माथ्यापासून ओढ्यापर्यंत लांबच लांब पट्टे पाडायचे, प्रत्येक भावाला थोडा मुरूम, थोडी मध्यम, थोडी काळी. जुन्या माणसांनी हे न्यायासाठी लावून दिलं होतं. पण पट्टे पिढ्यान्‌पिढ्या चिरत गेले की इतके अरुंद होतात की ट्रॅक्टर आडवा वळत नाही. मग नांगरट उताराच्या दिशेने होते आणि पावसाबरोबर माती ओढ्यात जाते. मी तिघांना म्हणालो, तुमचं रान अजून अखंड आहे, ते असंच ठेवा, आडवं नांगरा आणि रंगाप्रमाणे पिकं घ्या. त्यांनी तसं केलं. वर मटकी आणि थोडं सीताफळ, मधे सोयाबीन, खाली कपाशी. खर्च उतरला, माल वाढला. संस्थेनं त्या शेताचे फोटो पुस्तिकेत छापले, आणि खाली तिघा भावांच्या नावांबरोबर माझंही नाव छापलं. मी ती पुस्तिका पाहुण्यांना दाखवायचो.

त्यानंतर दोनेक हंगामांनी अंकुश भोकरदनहून परतताना मोटरसायकलवरून पडला आणि गेला. मला चार दिवस उशिरा कळलं. भेटायला गेलो तेव्हा भगवानराव रडत होते आणि ते रडणं खोटं नव्हतं. सुमनबाई एका बाजूला बसल्या होत्या, शाळेत जाणारी मुलगी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. 

वर्षश्राद्ध झालं आणि भगवानरावांचा फोन आला. "साहेब, एक दिवस या. तुमचा नकाशा चार माणसांत समजावून सांगायचाय." मला वाटलं, शेजारच्या शेतकऱ्यांना दाखवायचा असेल. खुशीत गेलो. ओसरीत सतरंजी अंथरलेली, गावातली चार वडीलधारी माणसं बसलेली आणि मधोमध माझा नकाशा, प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेला. त्यांच्यातले सगळ्यात म्हातारे, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. तेव्हा कळलं की ही वाटणीची बैठक आहे.

भगवानरावांनी सुरुवात केली. "उभी वाटणी केली तर ट्रॅक्टर वळत न्हाई अन् माती वाहून जाती. हे साहेब, तुम्हीच सांगितलं व्हतं ना?"

"हो, पण..."

"मंग आम्ही आडवी करून राह्यलो. तुमच्या रंगानं. खालची हिरवी माझ्याकडं, कारण हीर तिथं हाये अन् मोटर मी बघतो. मधली पिवळी संतोषकडं. वरची लाल सुमनकडं. अन् ती हलकी हाये म्हणून तिला एकर जास्त. आमच्या दोघांपेक्षा जास्त." ते सगळ्यांकडे बघून म्हणाले, "कोणी म्हणू नये की रांडमुंड बाईला बुडवलं."

 मी म्हणालो, "हा नकाशा खत कुठं किती टाकायचं यासाठी काढलेला आहे. वाटणीसाठी नाही."

"जमीन तीच ना साहेब?" भगवानराव अगदी नम्रपणे म्हणाले. "का खताची जमीन अलग अन् वाटणीची अलग?"

मी मग बोलायला लागलो ते थांबलोच नाही. एकर जास्त असून उपयोग नाही, त्या वीतभर मातीत पाण्याशिवाय काही येत नाही, विहीर खाली आहे, तिथली थोडी काळी जमीन तरी बाईंना द्या, नाहीतर रान एकत्रच ठेवा आणि उत्पन्न वाटून घ्या. माझा आवाज चढला होता. संतोष मान खाली घालून सतरंजीचा धागा ओढत होता. अण्णांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "साहेब, तुमच्या भावाभावांत कशी झाल्ती वाटणी?"

"आमच्यात वाटायला काही नव्हतं," मी म्हणालो. माझा बाप दुसऱ्याच्या रानात कामाला जायचा. आमच्या नावावर कधीच जमीन नव्हती.

"तेच म्हणलं," अण्णा म्हणाले. कुणीतरी हसलं. त्यात द्वेष नव्हता, पण माझं बोलणं तिथंच संपलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या जमिनीची नाडी बघितली होती आणि ती माणसं मला मान देत आली होती. जमीन कशी वाटायची हे मात्र जमीन असलेल्यांनीच ठरवायचं, हे त्यांनी मला दोन शब्दांत दाखवून दिलं. मला त्याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

सुमनबाईंना बोलावलं गेलं. पदर डोक्यावर घेऊन त्या चौकटीत उभ्या राहिल्या. "मला कागदावर कळत न्हाई," त्या म्हणाल्या. "साहेब, माझ्या वाट्याला काय येतं ते मातीत दावा."

आम्ही सगळे रानात गेलो. पीक निघालेलं होतं, रान मोकळं होतं. मी माथ्यावर गिरमिट लावलं. दोन फेरे झाले आणि ते थांबलं. दगडाचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. मग मी उतरून ओढ्याकाठी गेलो, ती माणसं माझ्यामागे. तिथं गिरमिट लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं, मुठीपर्यंत. बाहेर काढलं तेव्हा टोकाला ओली काळी माती चिकटली होती. सुमनबाईंनी ती बोटाने काढून बघितली. मला खरंच वाटलं होतं की हे बघून अण्णांना लाज वाटेल.

"बराबर," अण्णा म्हणाले. "म्हणून तर तिला एकर जास्त देऊन राह्यलो."

भगवानराव पुढं म्हणाले, "अन् साहेबांचंच सांगणं हाये, हलक्या रानात खर्चा करायचा न्हाई. बाईमाणूस एकटी, तिला झेपंल एवढंच काम. सीताफळं हायेतच. हिरीवरून पाण्याची पाळी देऊ की आठवड्याला, आपलीच हाये ती."

सुमनबाई कबूल झाल्या. नंतर पायवाटेवर मी त्यांना गाठून विचारलं की का हो म्हणालात. त्या म्हणाल्या, "ह्याच घरात राहायचं हाये, साहेब. पोरगी ह्यांच्याच जीपमंदी शाळेला जाती. भांडून जाऊ कुठं?" मग म्हणाल्या, "पाण्याची पाळी तर देतो म्हणले ना. तेवढं मिळालं तरी बास."

ती पाळी कधी मिळाली नाही. कधी मोटर जळालेली असायची, कधी लाईट नसायची, कधी कपाशीला गरज जास्त असायची. मी अधूनमधून जात राहिलो. आमच्या धंद्यात एक उपाय आहे, तलावातला गाळ उन्हाळ्यात आणून हलक्या रानावर पसरायचा. सुमनबाईंनी तोही केला. ट्रॉल्या लावून गाळ आणला, स्वतः फावड्याने पसरला. त्या वर्षी एका रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि तो गाळ उतारावरून निघून गेला. कुठं गेला हे विचारायची गरज नव्हती. पिवळ्यात गेला आणि हिरव्यात गेला. संतोषच्या सोयाबीनने त्या वर्षी चांगलं उत्पन्न दिलं.

माझी निवृत्ती जवळ आली होती तेव्हा त्यांचा फोन आला. "साहेब, एक इचारायचं व्हतं. माझ्या रानात मुरूम किती खोल हाये?"

त्या भागात मोठ्या रस्त्याचं काम चाललं होतं. भरावासाठी मुरूम लागायचा आणि ठेकेदाराची माणसं शिवारं धुंडाळत फिरत होती. मी सांगितलं, मला माहीत नाही, माझं गिरमिट मुरुमाला लागलं की थांबतं. आणि म्हणालो, "देऊ नका, बाई. एकदा खणलं की ते रान परत होत नाही. वीतभर का असेना, ती माती तयार व्हायला कितीतरी पिढ्या लागल्यात."

"पेरलं तर उगवत न्हाई," त्या म्हणाल्या. "खणलं तर निघतं म्हणत्यात. पोरीला जालन्याला ठिवायचंय शिकायला. तुम्ही सांगा, दुसरं काय करू?"

 त्या जमिनीवर काय करायचं हे सांगण्यासाठीच मला पगार मिळत होता.  त्या म्हणाल्या, "बरं, ठिवते," आणि फोन ठेवला.

निवृत्तीनंतर मी कुठल्याही शेतावर गेलो नाही. गेल्या वर्षी मात्र भगवानरावांनी पिच्छा पुरवला. मोसंबीची बाग लावायची होती, त्यासाठी नव्याने नकाशा हवा होता. संस्थेतल्या पोरांवर त्यांचा विश्वास नव्हता. "रंग काढावं तर आमच्या साहेबांनी," असं म्हणत राहिले. मला ते रान एकदा बघायचं होतं. गेलो.

वर लाल भाग उरलाच नव्हता. तिथं खड्डा होता, दोन पुरुष खोल, कडा उभ्या कापलेल्या. श्रावण संपला होता आणि खड्ड्यात गढूळ पाणी भरलेलं होतं. कडेला एक अरुंद पट्टी शाबूत राहिली होती, तिच्यावर चार वांगी, थोड्या मिरच्या आणि दोन शेळ्या बांधलेल्या. जमीन आरपार इतकी सरळ कापलेली मी पहिल्यांदाच बघत होतो. वरती वीतभर माती, खाली पिवळट मुरमाचा थर, जसा मी मेळाव्यांत चित्र काढून दाखवायचो तसाच. 

सुमनबाई शेळ्यांना पाला टाकत होत्या. मुलगी जालन्याला नर्सिंगला आहे, वसतिगृहात, बरं चाललंय, असं त्यांनी सांगितलं.  खड्ड्याचा विषय त्यांनीच काढला.

"हे पाणी दिवाळीपातुर राहातं, साहेब. मंग खालूनच निघून जातं. अन् खाली मोठ्या भाऊजींच्या हिरीला उन्हाळाभर पाणी हाये. आधी होळीला तळ दिसायचा, आठवतं का?"

मला आठवत होतं. मी उताराकडे बघितलं. मुरूम पाझरतो, खड्ड्यात साठलेलं पाणी आतल्या आत खाली सरकतं आणि विहिरीत उतरतं. हे ओळखायला यंत्र लागत नाही.

"माझ्या ह्या वांग्याला पाळी मागितली तर म्हणले, हीर आमची, पाणी आमचं. तुझा काय संबंध?" त्यांनी हात झटकले. "तुमच्या नकाशात हे दावता येतं का, की पाणी कुठून येतं? तुमचं लिहिलेलं ते मानत्यात. एकदा मानलं होतं."

"दाखवता येतं," मी म्हणालो.

"मंग दावा. पाळी मिळंल एखांदी."

मी ते काम माझ्या नोकरीतल्या कुठल्याही कामापेक्षा मन लावून केलं. उतार मोजला, विहिरीच्या भिंतीत कुठल्या बाजूने झरे लागलेत ते उतरून बघितलं. घरी येऊन नकाशा तयार केला. हिरवा भाग वाढला होता, वरून वाहून आलेल्या मातीने. लाल रंग कुठंच नव्हता. खड्ड्याची जागा मी कोरी ठेवली आणि तिथून विहिरीपर्यंत एक ठळक निळी रेघ ओढली, टोकाला बाण काढला. खाली स्वच्छ अक्षरांत लिहिलं की विहिरीचं वाढलेलं पाणी वरच्या खड्ड्यातून येतं.

द्यायला मी स्वतः गेलो, आणि सुमनबाईंनाही ओसरीवर बोलावून घेतलं. भगवानरावांनी चष्मा लावला. हिरवा बघून खूश झाले. मग त्यांचं बोट निळ्या रेघेवर थांबलं.

"हे काय हाये, साहेब?"

"सुमनबाईंच्या खड्ड्यातलं पाणी," मी म्हणालो. त्यांचं नाव मी मुद्दाम घेतलं. "त्यांच्या रानातून झिरपून ते तुमच्या विहिरीत येतं. म्हणून उन्हाळ्यात विहीर आटत नाही. त्यातली एखादी पाळी त्यांना मिळाली पाहिजे, हे माझं तुम्हाला सांगणं आहे."

ते बोटाने खड्ड्यापासून विहिरीपर्यंत गेले, पुन्हा वर आले, पुन्हा खाली गेले. सुमनबाई खांबाला टेकून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. मग भगवानरावांनी अंगणात ट्रॅक्टर धूत असलेल्या संतोषला हाक मारली.

"संत्या, हिकडं ये, हे बघ. साहेबांनी लिहून देलं. आपल्या हिरीचं पाणी आता बिलकुल आटत न्हाई. मोसंबी अजून दोन एकर वाढवू."